शुद्ध वाटोळं येथे मिळेल

मागच्या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी, कर्नाटकातल्या हुमनाबादच्या बसस्टँडमागच्या गल्लीत नागूअण्णांचं दूध-चहाचं दुकान सुरू झालं. दुकानावर पत्र्याची नवी पाटी होती. तिच्यावर वरच्या ओळीत मराठीत लिहिलं होतं, 'शुद्ध दूध येथे मिळेल.' खालच्या ओळीत कन्नडात लिहिलं होतं, 'शुद्ध वाटोळं येथे मिळेल.'

चूक एका अक्षराची होती. कन्नडात दुधाला हालु म्हणतात. त्यातल्या 'ल'च्या जागी 'ळ' पडला की हाळु होतं, आणि हाळु म्हणजे नासलेलं, उजाड, वाटोळं. पाटीवर 'ळ' पडला होता. चिटगुप्पा बसच्या कंडक्टरनं ते सगळ्यांत आधी वाचलं, मोठ्यानं वाचलं, आणि दुधाला पहिली उकळी फुटायच्या आत निम्मा बाजार दुकानासमोर जमला.

अण्णा बाहेर आले. कपाळावर हात आडवा धरून त्यांनी पाटी बघितली. लोक काय म्हणतात ते ऐकून घेतलं.

"हाळु लिहिलंय व्हय?" ते म्हणाले. "मंग बरोबर हाय की! म्याच सांगितलो तसं लिवाय. आजपतूर मी जे जे उघडलो, त्याचं तेच झालं. अवंदा आधीच लिवून टाकलो. मागनं कुणी म्हणू नये, नाग्या फसवला."

लोक आणखी हसले. कुणीतरी म्हणालं, "अण्णा, उतरवा ती. पेंटरला बोलवा."

"कामून?"

"कामून म्हंजे? वाचून कोण येईल दुकानात?"

"आता कोण आलंय मंग? तू कोण हाईस?" असं म्हणून अण्णा आत गेले, झेंडूचा हार घेऊन आले, स्टुलावर चढले आणि तो त्यांनी पाटीला घातला. पाटी आजही तिथेच आहे.

नागूअण्णांना मी लहानपणापासून ओळखतो. आमचं घर त्याच गल्लीत. मी पेपरात बातम्या देतो, म्हणून ते मला पेपरवाल्या म्हणतात. ते मेंढपाळाच्या घरात जन्मले. वडिलांची मेंढरं गेली, थोरल्या भावांनी शेती धरली, आणि अण्णांनी धंदा धरला. धंदा मात्र त्यांना कधी धरून राहिला नाही. गावात ज्या वस्तूचे दिवस संपत आले आहेत ती ओळखण्याची अण्णांना दैवी देणगी आहे, असं माझे वडील म्हणायचे. फक्त अण्णा ती विकायला नाही, विकत घ्यायला जातात.

माझ्या आठवणीतला त्यांचा पहिला धंदा भाड्याच्या सायकलींचा. लहान पोरांसाठी त्यांच्याकडे बुटक्या लाल सायकली होत्या. माझ्या वयाचं या गल्लीतलं प्रत्येक माणूस सायकल शिकलं ते त्याच सायकलींवर. अण्णांचा नियम असा होता की शिकताना जो पडेल त्याला आणखी एक फेरी फुकट. गुडघा फुटला असेल तर दोन. आम्ही पडलो की ते धावत यायचे नाहीत. दुकानाच्या पायरीवरून ओरडायचे, "पडलास? बेस झालं! पडल्याबिगर जमीन किती लांब हाय ते कळत न्हाई!" काही दिवसांतच पोरं शेवटच्या वळणावर ठरवून पडू लागली. अण्णांना ते कळत होतं. नियम त्यांनी बदलला नाही. पुढे घरोघरी मोटारसायकली आल्या आणि लाल सायकली भंगारात गेल्या.

मग पिवळ्या पाटीचा टेलिफोन बूथ आला. हायवेवरचे लॉरीवाले घरी फोन लावायला यायचे. अण्णा काचेबाहेर उभे राहून सगळं ऐकायचे आणि मधेच काचेवर टकटक करायचे. "भाड्याचं मागनं बोल. आधी आई कशी हाय विचार!" मोबाइल आले, बूथ बंद पडला. काचेची केबिन अण्णांनी परसात नेली आणि तिच्यात कोंबड्या ठेवल्या. संध्याकाळी एखादी कोंबडी काचेला चोच लावून बसलेली असायची, तेव्हा तिचा कॉल लागत नाहीये असं वाटायचं.

त्यानंतर त्यांनी चिटगुप्प्याजवळ शेत करायला घेतलं आणि त्यात आलं लावलं. त्या वर्षी पाणी साचलं आणि आलं जमिनीतच कुजलं. भेटायला येणाऱ्याला अण्णा स्वतःच सांगायचे, "नावातच आलं हाय, म्हून लावलो. पर आलंच न्हाई."

कुणी 'वाईट झालं' म्हटलेलं त्यांना चालत नाही. "वाईट न्हाई. तालीम झाली," असं ते म्हणतात. हा त्यांचा ठेवणीतला शब्द आहे. आपल्याकडे मराठीत तालीम म्हणजे आखाडा आणि दखनीत तालीम म्हणजे शिक्षण. अण्णांना दोन्ही अर्थ एकदम हवे असतात. सायकलींची तालीम, फोनची तालीम, आल्याची तालीम. त्यांचं आयुष्य असं तालमींनी मोजलं जातं. "मेंढरू पडलं तर काय करतंय? उठतंय आन् चरतंय. माणूस उठतंय आन् सांगत फिरतंय. यवढाच फरक."

आणखी एक गोष्ट. लोक धंदा सुरू करताना नारळ फोडतात. अण्णा बंद करताना फोडतात. सायकलींच्या वेळी फोडला, बूथच्या वेळी फोडला. आल्याच्या वेळचा नारळ नासका निघाला, तेव्हा ते म्हणाले, "देवाची बी तालीम झाली." असं का करता, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. "उघडताना समदेच येतेत रे. देवाला तवा गर्दी असती. बंद करताना कोण येतंय? दोघंच असतो. मी आन् त्यो."

अण्णांच्या बायकोचं नाव शेवंताबाई. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. त्या उदगीरकडच्या. घरात त्या खूप बोलायच्या. जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या, पोरांच्या नकला करायच्या, अण्णांना तोंडावर 'तालीमवाले' म्हणायच्या. पण उंबरा ओलांडला की त्यांचं तोंड मिटायचं. बाजारात त्या बोटानं दाखवायच्या. भाजी बोटानं, कापड बोटानं, नको असेल तर मान हलवून. पुढे पुढे बाजारातही गेल्या नाहीत. काकूंच्या बांगड्यासुद्धा अण्णा आणायचे. काकू घराबाहेर मुक्या होतात, असं आम्ही पोरं खरंच समजत होतो. कुणी मोठ्या माणसानं ते खोडून काढल्याचं मला आठवत नाही. त्यांना वारून आता बरीच वर्षं झाली.

दुकान सुरू झालं त्या वेळी घरात दोघंच होती. अण्णा आणि त्यांची सून ज्योती. मुलगा दिलीप बिदरजवळ कोळारला एका गोदामात कामाला आहे. तिथे चौघांत एक खोली, म्हणून बायको हुमनाबादेत आणि तो रविवारी येणार. ज्योती देवणीकडची. बारावी झालेली, गाई-म्हशींत वाढलेली. दुधाचं दुकान काढायची कल्पना तिचीच होती. कोणतं दूध किती तापवायचं, विरजण किती लावायचं, हे तिला हाताला माहीत होतं. अण्णांना फक्त बोलता येत होतं. दुकानाला दोन्हीही लागतं.

अडचण अशी होती की अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ते माप भरायचे आणि निम्मं दूध मापाबाहेर जायचं. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करायला सांगितलं होतं. त्यासाठी काही दिवस दुकान ज्योतीनं एकटीनं चालवायला हवं होतं. म्हणजे गल्ल्यावर बसायला हवं होतं. म्हणजे बोलायला हवं होतं. निम्मी गिऱ्हाइकं कन्नड बोलणारी, आणि ज्योतीला कन्नडाची धास्ती बसलेली.

धास्तीचं कारण मला तिनंच नंतर सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हा शेजारच्या बाई रोज दुपारी दारातून तिला विचारायच्या, "ऊटा आयता?" जेवण झालं का, असा त्याचा अर्थ. कन्नड माणूस रामराम केल्यासारखं ते विचारतो. ज्योतीला मात्र ऐकू यायचं, 'उठा, आयता!' आपण आयतं बसून खातो असं या बाई रोज दारात येऊन ऐकवतात, असं समजून ती बरेच दिवस रडली. एके दिवशी तिनं बाईंना दारातच सुनावलं, "मी न्हाई बसत आयती! भांडी कोण घासतंय मंग?" बाईंनी गल्लीभर विचारलं की या पोरीला झालंय तरी काय. अर्थ कळल्यावर गल्ली हसली, आणि ज्योतीनं बाहेर बोलणं सोडलं.

दुकान सुरू झालं त्या सकाळी मी तिथे होतो, म्हणून पुढचं पाहिलेलं सांगतो. पाटीवरून हशा उसळला तेव्हा दुकानाच्या मागच्या पडद्यातून ज्योती डोकावली होती. पडदा पडला. आतल्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. दुपारी तिनं दिलीपला फोन केला की मला देवणीला नेऊन सोडा. त्या रविवारी दिलीप आला तेव्हा तिची पिशवी भरलेली होती.

"ने की," अण्णा दिलीपला म्हणाले. "पर लगी नको. माझ्या डोळ्याचं होऊ दे, मंग ने. आंधळ्याला दुकानात एकटं सोडून गेली म्हणतील लोक, तिला बोल लागंल." ज्योती थांबली. पिशवी मात्र तिनं रिकामी केली नाही.

दुसऱ्या दिवशीपासून दुकानात नवा नियम लागू झाला. कन्नड येत नाही त्यानं कन्नडात मागायचं. मराठी येत नाही त्यानं मराठीत मागायचं. जो चुकेल त्याच्या चहावर साय. बरोबर बोलणाऱ्याला साधा चहा.

साय काढण्याचं काम ज्योतीचं होतं. ती पडद्याआड पातेल्यांपाशी बसायची. त्यामुळे बाहेर कुणी चुकलं की अण्णा आत ओरडायचे, "चुकलं! ज्योते, साय आण!" पडद्यातून चमचा धरलेला एक हात बाहेर यायचा, साय कपात पडायची, हात आत जायचा. सकाळच्या गर्दीत हे सारखं चालायचं. "चुकलं! साय आण! हे बी चुकलं! दोन आण!"

गावाला हे कळायला वेळ लागला नाही. हैदराबादकडचे लॉरीवाले मराठीत मागू लागले, "चहा देतो काय मी?" साय. कलबुर्गीकडचा एक व्यापारी म्हणाला, "मला एक दूध हो." साय. आमच्या गल्लीतल्या पक्क्या मराठी माणसांनी कन्नडाचे जे हाल केले ते सांगण्यासारखे नाहीत. जन्मभर कन्नड बोलणारे लोक चुकून दाखवू लागले. ज्या पाटीमुळे दुकान बुडणार असं सगळ्यांनी भाकीत केलं होतं, तिचा फोटो लोक मोबाइलवर एकमेकांना पाठवू लागले. दुकानाला 'हाळु हॉटेल' असं नाव पडलं. दूध संध्याकाळपर्यंत पुरेना.

"बघ," अण्णा मला म्हणाले, "समदं आयुष्य मी बरोबर कराय गेलो आन् बुडालो. आता चुकीवर चालायलंय."

एकच माणूस या सगळ्यापासून लांब होता. समोरच्या बोळात राहणारे, कन्नडाचे निवृत्त मास्तर. ते पहिल्याच आठवड्यात खडू घेऊन पाटी दुरुस्त करायला आले होते. अण्णांनी त्यांना स्टूल दिलं नाही. त्यानंतर मास्तर रोज यायचे, शुद्ध कन्नडात चहा मागायचे आणि बिनसायीचा चहा पीत पाटीकडे पाठ करून बसायचे. शेजारच्या बाकावर लोक सायीचे कप चाटत असायचे. मास्तरांनी पुष्कळ दिवस दम धरला.

मग एका सकाळी ते आले, बाकावर बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "हुलि मोसरु कोडि."

कन्नडात हुळि म्हणजे आंबट आणि हुलि म्हणजे वाघ. मोसरु म्हणजे दही. मास्तरांनी वाघाचं दही मागितलं होतं.

मास्तर समोर भिंतीकडे बघत होते. अण्णा ओरडायच्या आधी पडद्यामागून हसू आलं. दाबून धरलेलं, मग न दाबता आलेलं. पडदा सरकला. हात नाही, ज्योती स्वतः बाहेर आली. पदराला हात पुसत ती मास्तरांना म्हणाली, "हुलि इल्ल, सर." वाघ नाही, सर.

"बरोबर बोल्ली!" अण्णा ओरडले. "तिला साय न्हाई! मास्तरला दुप्पट!"

मास्तरांनी साय खाल्ली. ज्योती लगेच आत गेली. त्यानंतर बरेच दिवस ती एवढंच करायची, की चमचा पडद्यातून न देता स्वतः आणून द्यायची. बोलायची नाही. ऑपरेशनची वेळ जवळ येत होती. पिशवी खुंटीला तशीच होती.

एक गोष्ट मला जुळत नव्हती. पाटीचा मजकूर आपण मुद्दाम तसा सांगितला, असं म्हणून अण्णांनी पहिल्या दिवशी ते थट्टेवारी नेलं होतं; पुढे मात्र कन्नडात आपण चुकलो, असं ते येईल त्याला सांगत होते. पण तरुणपणी ते कलबुर्गीच्या डाळ मिलमध्ये कामाला होते. न्हाव्याच्या दुकानात कन्नड पेपर मोठ्यानं वाचून दाखवताना मी त्यांना लहानपणी कितीदा ऐकलेलं आहे. दूध आणि वाटोळं यांतला फरक कळत नाही असा हा माणूस नव्हता.

पाटी मौलाभाई पेंटरनं रंगवली होती. आमच्या भागातल्या निम्म्या दुकानांवर अजून त्याचा हात दिसतो. मी त्याला विचारलं.

"रंगाया मैं," मौलाभाई म्हणाला. "लिखी कौन, वो पूछो ना."

"कोणी?"

"सूनबाई. पत्रे पे खडू से खुद लिखके दी. किताब लाके, एक एक अक्षर देख के. क्या खुश थी साब. अण्णा बाजू में खड़े थे, पन उनकू दिखताच कां? और मैं अक्षर कू पढ़ता नै, चित्र सरीखा रंगाता. हो गई गलती."

"मग नंतर दुरुस्त का केली नाही?"

"मैं उसीच शाम कू डब्बा लेके गया था. एक हात का काम. अण्णा मेरेकू गल्ली के कोने पेच रोके. बोले, मौला, दुरुस्त किये तो वो पोरी की गलती होती. रहने दिये तो मेरी रहती. जा घर."

त्यानं ब्रश कापडाला पुसला. मग मला विचारलं, "शेवंताभाभी याद है क्या तुमकू?"

आहे, म्हटलं. बाहेर बोलायच्या नाहीत.

"बोलते थे," मौलाभाई म्हणाला. "नई शादी होके आए तब बहुत बोलते थे. मैं बाजार में पेंडवाले का शटर रंगा रहा था, उस दिन की बात."

त्यानं जे सांगितलं ते असं. घरी म्हैस होती. काकू अण्णांबरोबर बाजारात पेंड घ्यायला आल्या होत्या. पेंडीला कन्नडात हिंडि म्हणतात. काकूंनी मनाशी हिशेब केला असणार की मराठी पेंड तर कन्नड हेंड. दुकानासमोर उभं राहून त्यांनी नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं मागितलं, "हेंड बेकु." हेंड म्हणजे दारू. नवी नवरी, डोक्यावर पदर, भर बाजारात दारू मागत होती. पेंडवाला हसला, हमाल हसले, मौलाभाई शिडीवर हसला.

"और सबसे ज्यादा कौन हंस्या, मालूम?" तो म्हणाला. "अण्णा. पेट पकड़ के. पानी आया आंखों में."

त्यानंतर बाजारानं काकूंना नाव ठेवलं, हेंडव्वा. कन्नडात अव्वा म्हणजे आई. दारूआई. काकू दिसल्या की पेंडवाल्याच्या ओट्यावरून हाक यायची. थोड्या दिवसांनी काकू बोटानं दाखवू लागल्या. अण्णा हाक मारणाऱ्यांशी भांडले, एकदा मारामारीही झाली, असं मौलाभाई म्हणतो. मारामारीला दुसऱ्या कुणाचा दुजोरा मिळालेला नाही. काकू पुन्हा बोलल्या नाहीत, याला सगळी गल्ली साक्षीदार आहे.

दिवाळीनंतर मी अण्णांना घेऊन कलबुर्गीला गेलो. दिलीपला रजा मिळाली नव्हती. निघताना ज्योती दुकानात एकटी उभी होती. अण्णांनी तिला काहीच सूचना दिल्या नाहीत. फक्त म्हणाले, "माय, दोन चार दिस हाय. जमलं न्हाई तर शटर ओढून घे. नारळ मी आल्यावर फोडतो. कुणी काय म्हणणार न्हाई."

"मामा, नारळ कशाला?" ती म्हणाली.

"तालीम," अण्णा म्हणाले आणि बसमध्ये चढले.

बसमध्ये ते सहसा सगळ्यांशी बोलतात. ड्रायव्हरला रस्ता सांगतात. त्या दिवशी बोलले नाहीत. कमलापूर गेल्यावर म्हणाले, "पेपरवाल्या, ती पिशवी खुंटीला हाय का काढली, बघितलास का रे येताना?" मी बघितलं नव्हतं. "मला तर दिसतच न्हाई," ते म्हणाले. "चाचपून बघावं तर ती म्हणंल, सासरा पिशव्या चाचपायलाय."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. एका डोळ्याचं. व्यवस्थित झालं असं डॉक्टरांनी सांगितलं. अण्णांना वॉर्डात खाटेवर आणून बसवलं. डोळ्यावर प्लास्टिकची जाळीची वाटी चिकटवलेली होती. नर्सनं आधी कन्नडात आणि मग मराठीत बजावलं, डोळ्याला हात लावायचा नाही, पाणी लागू द्यायचं नाही. "आंघोळ गळ्याखालनं, अज्जा. कळलं का?" अण्णांनी तिला विचारलं की शिंकायची परवानगी आहे का. ती हसून गेली. तिची पाठ वळताच अण्णा मला म्हणाले, "लाव."

मी माझ्या मोबाइलवरून ज्योतीला फोन लावला आणि त्यांच्या कानाशी दिला. आवाज मोठा होता. मला ऐकू येत होतं.

"मामा, झालं का?" ज्योती घाईत होती. "दुखायलंय का? थांबा हं, मामा, एक गिऱ्हाईक हाय." आणि तिनं फोन ठेवला. बंद केला नाही, गल्ल्यावर ठेवला. भांड्यांचा आवाज आला, स्टोव्हचा आला, मग एका पुरुषाचा आवाज आला. तो कन्नडात म्हणत होता की कालच्या दुधात पाणी होतं.

अण्णांनी मोबाइल कानात आणखी दाबला.

मग ज्योतीचा आवाज आला. "नीरु इल्ल!" पाणी नाही. तो माणूस पुन्हा काहीतरी म्हणाला, मोठ्यानं. ज्योती त्याच्याहून मोठ्यानं म्हणाली, "नानु हालु! नीवु नीरु!" मी दूध! तुम्ही पाणी! तिला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं असणार, पण ती म्हणाली ते एवढंच. दुकानात हशा उसळला. तो फोनमधून स्पष्ट आला.

अण्णा खाटेवर ताठ झाले.

हशा संपायच्या आत ज्योतीचा आवाज पुन्हा आला. तिनं म्हशीला कन्नडात काय म्हणतात ते विसरून 'हम्म्या' असा आवाज काढला, आपल्या आईची शपथ घेतली, काल आणि उद्या यांची अदलाबदल केली, आणि थांबली नाही. लोक हसत होते आणि तीही मधे हसत होती आणि हसताहसता पुन्हा भांडत होती. कुणीतरी ओरडलं, "साय! साय द्या तिला!" ती म्हणाली, "मीच काढती साय, मलाच कोण देणार?" हे मराठीत. मग लगेच परत कन्नडात, त्या गिऱ्हाइकाला.

"चुकायलीय," अण्णा मला म्हणाले. मोबाइल त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. "ऐक. बघ कशी चुकायलीय. बेधडक चुकायलीय पोरगी."

शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी त्यांना कन्नडात विचारलं की घरी काही वाईट झालं का. अण्णांनी मान हलवून नाही म्हटलं.

डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं नर्सनं बजावलेलं होतं. मी त्यांना त्याची आठवण करून दिली. त्यांनी वाटी चिकटवलेला डोळा वर छताकडे केला आणि तसेच ऐकत बसले.

फोन त्यांनी बंद केला नाही आणि मला करू दिला नाही. दुपारी माझ्या मोबाइलची बॅटरी संपली. तेव्हा ते गिऱ्हाईक अजून गेलेलं नव्हतं.